हौद्यातले दोन इंच

मला फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मिस्त्री सांगायचा. कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा! लाकडाच्या वखारीत सांगायचा, केस कापून घेताना सांगायचा, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापसाचा बोळा असतानाही त्याने सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईंनी त्याची दाढ काढली होती. मिस्त्री खुर्चीतून उठला, आरशासमोर गेला आणि उरलेले सगळे दात बोट लावून मोजले.

"एकच काढलाय ना?"

"एकच काढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता दुसराही काढावासा वाटतोय."

तरीही आपल्या नव्या दवाखान्याचं लाकूडकाम त्यांनी मिस्त्रीलाच दिलं. एवढा संशयी माणूस मापात तरी चुकणार नाही, असं त्यांना वाटलं. बिचाऱ्या!

काम असं होतं. दवाखान्याच्या भिंतीत एक उंच कोनाडा होता. त्यात बरोबर बसेल असं एक कपाट आधी करून द्यायचं. ते पसंत पडलं तर आणखी नऊ कपाटं मिस्त्रीचीच. म्हणजे वर्षभराची ददात मिटली. अट एकच होती.

"वर फट नको," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "फट राहिली की धूळ बसते, आणि धूळ दिसली की मला दुसरं काही सुचत नाही."

मिस्त्रीने कपाट केलं, आणि काय कपाट केलं! एकोणनव्वद इंच उंच, खाली चार इंचांची बैठक, दारं अशी की बोटाने ढकलली तरी गपकन मिटावीत. त्याने आणि बायकोने दोन दिवस पॉलिश केलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या पिकअपने खालच्या लोखंडी चौकटीला तडा जाऊन कारखान्याच्या दारातच मान टाकली.

दुसऱ्याची गाडी भाड्याने आणावी, तर मिस्त्रीचा कुणावर विश्वास नाही. "ड्रायव्हर खड्डा चुकवेल कशावरून?" बरं, कुणाची लहान गाडी मागून स्वतःच चालवावी, कपाट आडवं ठेवून हौद्याचा मागचा फाळका उघडाच टाकून न्यावं, तर तेही नाही. चार वर्षांपूर्वी असंच एक ड्रेसिंग टेबल नेताना ते उघड्या फाळक्यातून घसरलं होतं आणि भर चौकात आरशाचा चुरा झाला होता. तेव्हापासून मिस्त्रीचा पण होता, फाळका बंद झाल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही. तेव्हा नवी छोटी पिकअप घ्यायची ठरली, आणि ती दवाखाना सुरू व्हायच्या आत घ्यायची होती. हातात दोन आठवडे होते.

बाजारात त्याच्या कामाच्या दोनच गाड्या होत्या, एक पांढरी आणि एक निळी. दोन कंपन्या, दोन शोरूम, तीही रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. गल्लीतला वेल्डर आणि रंगारीही पिकअपच्या विचारात होते.

"मिस्त्री, तू बघून ये," वेल्डर म्हणाला. "तू म्हणशील ती आम्ही डोळे झाकून घेतो."

"डोळे झाकून काही घ्यायचं नसतं!" मिस्त्री गरजला. "मी दोन्ही गाड्या उभ्या-आडव्या तपासतो. मग बोलू!"

आता तपासणी म्हटली की बायको आणि वही बरोबर हवीच. मिस्त्रीची मोजमापाची पद्धत अख्ख्या कारखान्याला पाठ होती. त्याच्या टेपचे पुढचे दोन इंच अकरा वर्षांपूर्वी दारात अडकून तुटले होते. टाकून दे म्हटलं तर तो म्हणाला, "नवी टेप खरी कशावरून? हिचं खोटं मला माहीत तरी आहे." त्याने दोनच्या खुणेवर पत्र्याचा हूक ठोकून घेतला आणि तेव्हापासून नियमच झाला. मिस्त्रीने टेप लावून दिसेल ते ओरडायचं, बायकोने त्यातून दोन वजा करून लिहायचं. ओरडलेला आकडा मिस्त्री डोक्यात ठेवायचाच नाही. त्यासाठी वही होती. अकरा वर्षांत एक पाट चुकला नव्हता की एक पलंग.

शनिवारी सकाळी दोघं पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये शिरली. टाय लावलेला एक विक्रेता हसत पुढे आला. मिस्त्रीला हसऱ्या माणसांचं वावडं होतं.

"या साहेब! काय दाखवू?"

"तुम्ही काही दाखवू नका. मी बघतो."

आणि त्याने बघितलं! आधी गाडीखाली सतरंजी टाकून आडवा झाला. मग दार वीस वेळा उघडून मिटलं आणि आवाज ऐकला. मग डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवून इंजिन सुरू करायला लावलं. मग चालवून बघायची वेळ आली, तेव्हा त्याने गाडी अख्ख्या आवारात उलटीच चालवली.

"साहेब, पुढेही जाते," टायवाला काकुळतीला आला.

"पुढे सगळ्याच चांगल्या जातात. खरा स्वभाव मागे जाताना कळतो."

त्यानंतर त्याने टायवाल्याला हौद्यात उभं करून उड्या मारायला लावल्या. गाडीची पाठ किती दबते ते स्वतः उकिडवा बसून पाहिलं. टायवाल्याचा टाय उड्यांबरोबर त्याच्याच तोंडावर आपटत होता. बायको तोंडाला पदर लावून लिहीत होती: पांढरी, स्टिअरिंग हलकं, हौदा जमिनीपासून कमी उंच, चढवायला सोपा, दोर बांधायच्या कड्या सहा.

शेवटी माप. मिस्त्रीने खिशातून टेप काढली. ही टेप त्याने आदल्या दिवशी गुपचूप विकत घेतली होती. शोरूमच्या चकचकीत लाद्यांवर पत्रा ठोकलेली टेप काढली तर हे लोक आपल्याला अडाणी समजतील आणि मग फसवतील, असा त्याचा संशय होता. घेतल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही! तो हौद्यात वाकला. बायको खाली, पलीकडच्या बाजूला वही घेऊन उभी.

"लांबी! नव्वद!"

बायकोने लिहिलं.

मग रस्ता ओलांडून निळी गाडी. तिथे चष्मा लावलेली एक मुलगी होती. तीही हसरी. पुन्हा सतरंजी, पुन्हा पेला, पुन्हा उलटी सवारी. निळीचं इंजिन गप्प होतं, आरसे मोठे होते, पण हौदा वीतभर उंच. चष्मेवालीने उड्या मारायला साफ नकार दिला, तेव्हा मिस्त्रीने स्वतःच उड्या मारल्या आणि पाठीत उसण भरून घेतली. तशाच वाकड्या पाठीने त्याने टेप लावली.

"लांबी! नव्वद!"

बायकोने लिहिलं.

दुपारी घरी आल्यावर मिस्त्रीने दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं समोर घेतली. त्यात हौद्याची लांबी मिलिमीटरमध्ये होती. मिलिमीटर म्हणजे गिऱ्हाइकाला गोंधळात टाकायचा धंदा, हे मिस्त्रीचं जुनं मत. बायकोने मोबाइलवर गणित केलं.

"दोन हजार दोनशे शहाऐंशी म्हणजे बरोबर नव्वद इंच. दोन्ही गाड्यांचं तेवढंच."

"आणि आपल्या वहीत?"

"अठ्ठ्याऐंशी," बायको म्हणाली. मग तीही दचकली. "दोन्हींत अठ्ठ्याऐंशी!"

मिस्त्री हळूहळू उभा राहिला. उसणीमुळे त्याला तसंच उभं राहता येत होतं.

"म्हणजे दोन इंच खाल्ले!"

"दोघांनीही?"

"तेच तर! एकाने दोन इंच खाल्ले असते तर म्हणालो असतो, चोर आहे. पण दोघांनी अगदी मोजून दोन-दोन? अगं, समोरासमोर दुकानं आहेत. रोज एकमेकांना बघून हसत असतील. कुठेतरी पाणी मुरतंय!"

आणि त्याला खरी चिंता तेव्हा सुचली. कपाट एकोणनव्वद. हौदा अठ्ठ्याऐंशी. एका इंचासाठी फाळका बंद होणार नव्हता, आणि एका इंचापायी नऊ कपाटं हातातून जाणार होती. रागाच्या भरात तो टेपही न घेता तडक शोरूमवर गेला.

"दोन इंच कुठे गेले?" त्याने टायवाल्याला दारातच गाठलं.

"कसले दोन इंच साहेब?"

"हौद्यातले! नव्वद छापता आणि अठ्ठ्याऐंशी देता! दोन इंच गिऱ्हाइकाला काय कळतंय, असंच ना?"

टायवाल्याने धावत जाऊन टेप आणली आणि हौद्याला लावली. "हे बघा साहेब, नव्वद."

मिस्त्रीने टेप हातात घेऊन उलटीपालटी केली. तिच्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. मिस्त्री कडवट हसला. "टेपही तुमचीच! वा!"

तो समोरच्या शोरूममध्ये गेला आणि चष्मेवालीकडे टेप मागितली. ती म्हणाली, आमच्याकडे टेप नसते, कंपनीने सांगितलेलं माप बरोबरच असतं. "बघा!" मिस्त्री तिथे बसलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणाला. "एकाने खोटी टेप ठेवलीय, दुसऱ्याने ठेवलीच नाही. जपून राहा!" ते गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून निघून गेलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी फुटली. रंगाऱ्याने पिकअपचा विचारच सोडला. वेल्डर मात्र रविवारी आपली लोखंडी पट्टी घेऊन शोरूममध्ये जाऊन आला.

"मिस्त्री, नव्वद भरतंय रे. दोनदा लावून बघितलं."

मिस्त्रीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तिथे चहा प्यायलास?"

"प्यायलो. त्याने दिला."

"बिस्किट?"

"दोन दिली."

"दोन!" मिस्त्रीने बायकोकडे पाहून मान डोलावली. "दोन इंचांची दोन बिस्किटं. आपला माणूस फोडला त्यांनी."

वेल्डरने त्याच्याशी बोलणं टाकलं. बायको म्हणाली, "अहो, एकदा आपणच पुन्हा मोजून येऊ की." पण मिस्त्रीचा शब्द ठरलेला होता. "एकदा वहीत लिहिलं ते लिहिलं. अकरा वर्षांत वही चुकलीय का?" आणि वही खरंच चुकली नव्हती, त्यामुळे बायकोलाही पुढे बोलता येईना.

दिवस मात्र संपत होते. शेवटी हौदा ठेंगणा म्हणून मिस्त्रीने पांढरी घ्यायची ठरवली, पण सुखासुखी नाही. टायवाल्यासमोर तो तासभर ठाण मांडून बसला.

"दोन इंचांची भरपाई पाहिजे."

"साहेब, हौदा नव्वदच आहे हो!"

"मग भरपाई द्यायला काय जातंय?"

टायवाल्याने कपाळावर हात मारला, आत गेला आणि कंपनीचं नाव असलेल्या दोन जाड रबरी मॅट घेऊन आला. "घ्या! इंचाला एक. आता तरी सही करा."

मिस्त्री विजयी मुद्रेने घरी आला. "बघितलंस? चोरी केली नसती तर मॅट दिल्या असत्या का?"

गाडी मिळणार होती शुक्रवारी सकाळी. दवाखाना शुक्रवारीच अकरा वाजता सुरू होणार होता. बुधवारी दुपारी मिस्त्री कपाटासमोर करवत घेऊन उभा राहिला, तेव्हा बायको हातातलं काम टाकून धावत आली.

"काय करताय?"

"खालच्या बैठकीतले दोन इंच काढतो. एक फाळक्यासाठी, एक मोकळं राहायला. वरून पॉलिश मारलं की झालं."

"अहो, डॉक्टरीणबाईंना फोन तरी करा!"

"कशाला? एवढ्या मोठ्या कपाटात दोन इंच कुणाला काय कळतंय?"

बायकोने करवतीवर हात ठेवला. "हेच तुम्ही त्या टायवाल्याला ऐकवून आलात ना?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मिस्त्रीने तिचा हात बाजूला केला. "ते कंपनीचे दोन इंच होते. हे माझे आहेत." आणि त्याने करवत चालवली. बावीस वर्षांत त्याने तयार कपाटाला अशी करवत लावली नव्हती. त्याला मनातून फार वाईट वाटलं. ते त्याने टायवाल्याला शिव्या देऊन भागवलं.

शुक्रवारी सकाळी पांढरीशुभ्र पिकअप दारात आली. वखारीतल्या दोन हमालांनी कपाट उचलून हौद्यात आडवं ठेवलं. मिस्त्रीने श्वास रोखून फाळका लावला. खट्! अगदी सहज बंद झाला. तो वाकून आत बघू लागला. इंचभर जागा उरायला हवी होती. उरली होती चांगली तीन इंच!

मिस्त्रीचे डोळे विस्फारले. मग चेहऱ्यावर हसू पसरलं.

"घाबरले!" तो ओरडला. "अगं, घाबरले बघ! माझी तक्रार वर गेली आणि कंपनीने हौदा दोन इंच वाढवून दिला! आता वेल्डरला बोलाव. तोंडावर माप मारतो त्याच्या! लिही!"

कपाट आत असल्यामुळे या वेळी त्याला हौद्यात वाकता येईना. त्याने बाहेरून, बायकोच्या शेजारी उभं राहून कडेवर टेप लावली.

"नव्वद!" तो आनंदाने म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याची नजर लिहिणाऱ्या हाताकडे गेली. बायकोने लिहिलं होतं: अठ्ठ्याऐंशी.

"हे काय लिहिलंस?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मी नव्वद म्हणालो!"

"हो ना. नव्वद वजा दोन. नेहमीसारखं."

मिस्त्रीने टेपकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. पुढचं टोक कोरं करकरीत, पहिल्यापासून सगळे इंच जागच्या जागी.

"ही टेप..." बायको हळूच म्हणाली, "नवी आहे?"

"मागच्या शुक्रवारी घेतली."

"मला सांगितलं नाहीत!"

"कुणालाच सांगितलं नव्हतं," मिस्त्री म्हणाला. "फसवतील म्हणून."

हमाल एकमेकांकडे बघत उभे होते. बायकोला आधी हसू आलं, मग कपाटाच्या कापलेल्या बैठकीकडे लक्ष गेलं आणि हसू विरलं. "आता हो?" मिस्त्रीने टेप गुंडाळून खिशात घातली. सव्वादहा वाजून गेले होते. कापलेलं लाकूड काही ओढून वाढत नाही. दोघं गाडीत बसली. गाडी लोण्यासारखी चालत होती, आणि त्याचंच मिस्त्रीला जास्त दुःख होत होतं.

दवाखान्यात हमालांनी कपाट उभं करून कोनाड्यात सरकवलं. डॉक्टरीणबाई पांढरा कोट घालून समोर उभ्या राहिल्या. दारं उघडली, मिटली, खूश झाल्या. मग त्यांनी मान वर केली.

"मिस्त्री, वर फट आहे."

"असेल... थोडी."

"थोडी नाही. माझी दोन बोटं जातात." त्यांनी स्टुलावर चढून खरोखरच बोटं घातली. "ठरलेलं माप काय होतं?"

बायकोने निमूटपणे वही उघडली. "एकोणनव्वद."

"मोजा माझ्यासमोर."

मिस्त्रीने टेप लावली. टेप लावताना त्याचे कान लाल झाले होते. "सत्त्याऐंशी," तो पुटपुटला.

बायकोने लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी स्टुलावरून वहीत डोकावून पाहिलं. नवऱ्याच्या प्रेमापोटी बायकोने या वेळी दोन मिळवले होते: एकोणनव्वद!

"हे सत्त्याऐंशी म्हणाले, तुम्ही एकोणनव्वद लिहिलंत," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "मिस्त्री, दोन इंच कुठे गेले? दोन इंच गिऱ्हाइकाला काय कळतंय, असं वाटलं का तुम्हाला? कुठेतरी पाणी मुरतंय!"

मिस्त्री स्टुलाशेजारच्या खुर्चीवर बसला. ती नेमकी दाढ काढायची खुर्ची होती. आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. तुटकी टेप, नवी टेप, टायवाला, बिस्किटं, करवत, सगळं. त्याला सांगताना मध्येच रडू यायला लागलं आणि बायकोने पाणी दिलं. डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण शेवटी त्यांना स्टुलावरून खाली उतरून भिंतीला धरावं लागलं.

"नऊ कपाटं तुमचीच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. मिस्त्रीने मान वर केली. "पण माप मी घेणार, माझ्या टेपने, आणि लिहिणारही मीच. याची बैठक सोमवारपर्यंत नवी करून बसवा. आणि तोवर माझ्या कपाटावर जी धूळ बसेल तिची भरपाई पाहिजे."

"काय देऊ, मॅडम?"

डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या गाडीत डोकावून पाहिलं. "त्या रबरी मॅट चांगल्या दिसतात. माझ्या दाराला पायपुसणी नाहीत. दोन इंच गेलेत ना? इंचाला एक."

आता त्या दवाखान्यात दात दाखवायला येणारा प्रत्येक जण आधी पिकअपच्या मॅटवर पाय पुसतो. मिस्त्री वेल्डरकडे गेला, माफी मागितली, आणि सोबत बिस्किटांचा अख्खा पुडा नेला. वेल्डरने पांढरीच गाडी घेतली. मॅट त्याला मिळाल्या नाहीत, कारण त्याने तक्रारच केली नव्हती. जुनी टेप मिस्त्रीने पुन्हा खिशात ठेवली आहे, नवी खिळ्याला टांगून ठेवली आहे. मला फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तो हल्ली सांगत नाही. निदान बायको समोर असताना तरी नाही!

वहीत मात्र पांढऱ्या गाडीच्या पानावर बायकोने शेवटची ओळ लिहून ठेवली आहे: मॅट दोन. वजा दोन.